बंदीच्या पोटी जन्मलेलं पिस्तूल

तोक्योच्या उएनो स्टेशनालगत आमेयोको नावाचा गजबजलेला बाजार आहे. महायुद्धानंतर इथं काळाबाजार भरायचा आणि अमेरिकी लष्कराचा जुना माल विकला जायचा. १९६०च्या दशकात याच परिसरातल्या एमजीसी या कंपनीनं जस्ताच्या मिश्रधातूची ‘मॉडेल गन’ लोकप्रिय केली. दिसायला आणि आतल्या सुट्या भागांना ती हुबेहूब पिस्तूल होती, पण तिच्यातून गोळी सुटत नसे. वाजायची ती टिकली, आपल्याकडे दिवाळीत मुलं वाजवतात त्याच जातीची. १९५८च्या कायद्यानं जपानी माणसाच्या हाती खरं पिस्तूल येण्याची वाट बंद केली होती. सिनेमात पाहिलेलं हत्यार हातात धरून बघायची हौस मात्र कायद्यानं मिटत नाही. ती या खेळण्यांनी भागवली.

मग १९७१ साली सरकारची नजर खेळण्यांवरही गेली. धातूचं नकली पिस्तूल विकायचं तर नळी पूर्ण बुजवलेली हवी आणि अंगाला पांढरा किंवा पिवळा रंग हवा, असा नियम आला. पिवळ्यात सोनेरी धरला गेला, म्हणून जपानमधली धातूची मॉडेल पिस्तुलं आजही सोन्याच्या मुलाम्यासारखी चमकतात. १९७७ मध्ये नियम आणखी आवळले गेले. धातूचं, काळं, उघड्या नळीचं पिस्तूल बनवायला आता जागाच उरली नाही. उरलं ते प्लास्टिक.

हवेच्या किंवा गॅसच्या दाबानं प्लास्टिकचे छर्रे मारायच्या खेळाची, म्हणजे एअरसॉफ्टची, नाळ इथं पुरली आहे. पहिलं पिस्तूल घ्यायला निघालेला खेळाडू ‘स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, धातूची का नाही?’ असं विचारतो, तेव्हा मला ते सोनेरी पिस्तूल आठवतं. जपानी कंपन्यांनी प्लास्टिक काटकसरीसाठी निवडलेलं नव्हतं. कायद्यानं त्यांना तिथं नेऊन ठेवलं आणि मग त्यांनी त्या प्लास्टिकमधून जेवढं काढता येईल तेवढं काढलं.

सुरुवातीच्या हवेच्या पिस्तुलांत स्प्रिंग असे. प्रत्येक वेळी हातानं दट्ट्या दाबायचा, चाप ओढायचा, एक छर्रा सुटायचा. काही नमुन्यांत तर एकेक छर्रा नकली काडतुसात बसवावा लागे. हळूहळू ६ मिलिमीटरचा गोल प्लास्टिकचा छर्रा सर्वमान्य झाला. त्याला ‘बीबी’ म्हणतात. हे नाव मात्र अमेरिकेतून आलं. शिकारीच्या शिशाच्या छऱ्यांना तिथं आकारानुसार अक्षरं होती, आणि बी व बीबीबी यांच्या मधलं माप ते बीबी. शिसं गेलं, माप बदललं, नाव तेवढं राहिलं.

१९८०च्या दशकात गॅस आला. तेव्हाचा गॅस फ्रिजमधला होता, म्हणजे फ्रिऑन. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर खाणारी ही रसायनं मागे पडली आणि जपानी उत्पादक एचएफसी-१३४ए या वायूकडे वळले. त्याचा दाब २० अंश सेल्सियसला हवेच्या दाबाच्या साधारण पावणेसहा पट असतो. जपानबाहेर ज्याला ‘ग्रीन गॅस’ म्हणतात तो मुळात प्रोपेन, त्यात थोडं सिलिकॉनचं तेल. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनसोबत असतो तोच प्रोपेन, फक्त गळती कळावी म्हणून मिसळलेला तो उग्र वास नाही. त्याचा दाब त्याच तापमानाला आठ पटींच्या वर जातो. आणि कार्बन डायऑक्साइडची छोटी कुपी वापरली तर सत्तावन्नच्या आसपास.

मधला मोठा टप्पा म्हणजे ब्लोबॅक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एमजीसी, वेस्टर्न आर्म्स अशा कंपन्यांनी तो बसवला, आणि पिस्तूल हातात झटका देऊ लागलं. मॅगझिनमध्ये गॅस द्रवरूपात असतो. घोडा पडला की झडप उघडते, वाफ वर धावते आणि आधी छर्रा ढकलते. छर्रा नळीतून निघाला की नोझलमधली एक चिमुकली झडप वाट बदलते आणि उरलेला गॅस स्लाइड मागे फेकतो. स्लाइड परतताना पुढचा छर्रा उचलते. एवढं सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी होतं. मला या साऱ्या कुळकथेत ही झडप सर्वांत सुंदर वाटते.

प्लास्टिकचा उलगडा इथं होतो. हलकी स्लाइड मागे ढकलायला गॅस कमी लागतो, ती चटकन परतते. धातूची जड स्लाइड हलवायची तर जास्त दाब हवा. तैवानच्या कंपन्यांनी पुढे तेच केलं, धातूची स्लाइड आणि ग्रीन गॅस. झटका जोरदार बसतो, पण मॅगझिन लवकर गार पडतं. माठातलं पाणी झिरपून वाफ होताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेतं, तसंच इथं होतं. भराभर दहा-बारा वेळा चाप ओढला की मॅगझिन हाताला थंड लागतं, दाब उतरतो, छर्रे मंदावतात. थंड देशांत हिवाळ्यात खेळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. अशा ठिकाणी बॅटरीवर चालणारं पिस्तूल बरं. त्यात झटका नाही, पण पारा उतरला म्हणून ते रुसत नाही.

दुसरा शोध हॉप-अप. कमी ताकदीचा छर्रा पंचवीस-तीस मीटरवर खाली झुकतो. ताकद वाढवायची सोय नव्हती, म्हणून जपानी लोकांनी गिरकी वाढवली. नळीच्या मागच्या टोकाशी वरून रबराचा उंचवटा, त्याला घासून छर्रा उलटा फिरत निघतो आणि हवा त्याला तोलून धरते. बर्लिनच्या शास्त्रज्ञ माग्नुसनं १८५२ मध्ये अभ्यासलेला हाच परिणाम फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत सरकवतो. बेसबॉलमध्ये उसळल्यासारखा वाटणारा वेगवान चेंडू जपानी लोकांच्या तोंडी ‘हॉप’ होतो, तोच शब्द इथंही आहे.

ताकदीची रेघ जपाननं २००६ मध्ये कायद्यानंच आखली. त्याआधी कुणीतरी बदल केलेल्या बंदुकीनं चालत्या गाड्यांवर मारा केल्याचे प्रकार घडले होते. ६ मिलिमीटरच्या छऱ्याला मर्यादा ठरली ०.९८ ज्यूल. ०.२० ग्रॅमचा छर्रा या मर्यादेला सेकंदाला ९९ मीटर वेगानं जातो. ब्रिटननं त्याच वर्षी कायदा करून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांची विक्री रोखली. नोंदणीकृत खेळाडूला सवलत मिळते, बाकीच्यांना भडक रंगांची दुरंगी बंदूक. जपानच्या सोनेरी पिस्तुलाची ही सावत्र बहीणच म्हणायची.

आता सीक्यूबीचा, म्हणजे बंदिस्त जागेत जवळून लढायचा खेळ पाहा. जुनी गोदामं, जिने, बोळ, आणि प्रतिस्पर्धी पाच ते पंधरा मीटरवर. एवढ्या जवळून एक ज्यूलही अंगाला झोंबतो. म्हणून मी नवख्याला धातू आणि कार्बन डायऑक्साइडच्या मोहात पडू नको असंच सांगतो. तोक्यो मारुईचं २००४ सालचं हाय-कॅपा ५.१, किंवा त्याच बांधणीचं दुसरं, हलक्या स्लाइडचं घ्यावं. मारुईनं ते कुठल्याही एका खऱ्या पिस्तुलाची नक्कल न करता स्वतः आखलं. चाप सरळ मागे येतो, ३१ छऱ्यांचं मॅगझिन मिळतं, आणि इतक्या कंपन्यांनी त्याचे भाग बनवले आहेत की बिघाड झाला तरी सुटा भाग शोधावा लागत नाही. पैसे उरले तर दोन जास्तीची मॅगझिन, म्हणजे एक गार पडलं की दुसरं हाताशी. पण त्याआधी डोळ्यांना चहूबाजूंनी घट्ट बसणारा गॉगल आणि दातांवर जाळी. हा खर्च पिस्तुलाच्या आधी.

छर्रा लागल्याची खूण इथं उमटत नाही. पेंटबॉलमध्ये रंग साक्ष देतो, इथं लागलेल्यानंच ‘हिट’ ओरडून हात वर करायचा. बंद खोलीत, अंधारात, कुणी पाहिलेलं नसताना.

आणि घरी आल्यावर मॅगझिन पूर्ण रिकामं करून ठेवू नये. थोडा गॅस आत राहू द्यावा, म्हणजे रबरी सील जागच्या जागी दाबलेलं राहतं आणि पुढच्या रविवारी गळती निघत नाही.