होडीला वायरलेस मोटर घेताय? आधी वजन धरा

माहीम-वरळीच्या किनाऱ्यालगत छोट्या होडीतून गळ टाकणाऱ्यांनी रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर घेताना आधी एकूण वजन धरावं. होडी, माणसं, बॅटरी, जाळी, सगळं. साधारण 45 किलोला 2 पौंड जोर, म्हणजे 900 किलोला 40. पण हा हिशेब शांत तळ्याचा! मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो, पाण्याला ओढ असते. आमच्या मते 55 पौंडांखाली जाऊच नये. मोटर खाऱ्या पाण्यासाठीचीच हवी, नाहीतर गंजते. 100 अँपिअर-तासाची बॅटरी 50 अँपिअरवर जेमतेम 2 तास. रिमोट पाण्यात पडला तर हाताने चालते का, दुकानातच बघा. आणि जुनं इंजिन काढू नका. बॅटरी संपून ओहोटी लागली, तर परत तेच आणणार.