साइडबोर्डची वंशावळ

माझ्या फुफीच्या, म्हणजे आत्याच्या घरात महोगनीचा एक साइडबोर्ड आहे. माझे आजोबा बोटीवर भंडारी होते. साहेबलोक सामान विकून मायदेशी निघाले होते, तेव्हा 1948 साली मुंबईच्या एका लिलावात त्यांनी तो घेतला आणि आगबोटीने दाभोळला उतरवला. आजोबांनंतर वडील, मग वाटणीत फुफी.

मध्यंतरी जुन्या फर्निचरचा एक व्यापारी आला. त्याच्या मते वस्तू 1820 च्या सुमाराची. म्हणाला, "मालकांची यादी द्या, भाव वाढेल." लिहायला बसलो, तर तीन नावांत यादी संपली. बी.ए.ला इतिहास घेतलेल्या माणसाला ते बरं वाटेना. म्हणून आणखी मागे वाचत गेलो.

1721 च्या कायद्याने ब्रिटनने आपल्या अमेरिकन वसाहतींतल्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैकाची महोगनी लंडनला येऊ लागली. साइडबोर्ड आधी नुसतं मेज होतं, खण पुढे आले. जॉर्ज हेपलव्हाइट या कारागिराच्या पश्चात त्याच्या पत्नीने 1788 मध्ये नमुन्यांचं पुस्तक छापलं. त्यातल्या एका साइडबोर्डच्या उजव्या खणात नऊ बाटल्यांची सोय आहे. काही साइडबोर्डांत तर पुरुषमंडळींसाठी लघवीचं भांडंही ठेवत. हे मी फुफीला सांगितलेलं नाही. तिच्या उजव्या खणात शिरखुर्म्याचा सुकामेवा असतो.

जमैकातली झाडं विरळ झाली, तशी तोड होंडुरासच्या आखाताकडे, आजच्या बेलीझमध्ये सरकली. तिथे रानात एक गुलाम उंच झाडाच्या शेंड्यावर चढे. ऑगस्टमध्ये महोगनीची पानं पिवळसर तांबडी होतात. तो रंग दुरून हेरायचा, दिशा मनात धरायची, उतरून दाट झाडीतून नेमकं त्या बुंध्याशी पोचायचं. त्याला 'हंट्समन' म्हणत. अख्ख्या टोळीची कमाई त्याच्या नजरेवर. दिवसा उन्हामुळे बैल टिकत नसत, म्हणून ओंडके रात्री मशालींच्या उजेडात नदीकाठी ओढत आणि पावसाच्या पुरावर सोडत. ओंडक्यावर मालकाची खूण असे. ज्याने झाड शोधलं, तो स्वतःच मालमत्तेच्या यादीत. गुलामगिरीबंदीचा कायदा 1834 मध्ये अमलात आला, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली सक्तीचं काम 1838 पर्यंत चाललं.

मी यादीत सर्वांत वर एक ओळ कोरी ठेवून कागद व्यापाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "ही काढा. गिऱ्हाइकाला वाटेल, माल चोरीचा आहे."

मी काढली नाही. आतून फुफी ओरडली, "अरे, पण विकायचाय कुणाला? आणि त्या उजव्या खणाला आधी मेणबत्ती घास. पावसाळ्यात अडकतो मेला!"