गोव्यातील ओस पडलेली नगरे आणि गावे

समुद्रकिनारे आणि पर्यटन यांमुळे गजबजलेल्या गोव्यात ओस पडलेल्या वस्त्यांचीही एक जुनी परंपरा आहे. या भूमीची राजधानीच अनेकदा हलली आणि प्रत्येक वेळी मागे एक रिकामे नगर राहिले. कदंबांनी अकराव्या शतकात चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदोर, सोडून जुवारीकाठच्या गोपकपट्टणला राजधानी नेली. पुढे त्या भरभराटीच्या बंदराचेही वैभव लयाला गेले आणि मांडवीतीरावरील एळा उदयास आले.

हे एळा म्हणजेच आजचे जुने गोवे. 1510 मध्ये आल्बुकर्कने ते आदिलशाहीकडून जिंकले आणि पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची ती राजधानी झाली. परंतु श्रीमंतीबरोबर रोगराईही आली. 1543 मध्ये पटकीची साथ पसरली. दाटीची वस्ती, दूषित विहिरी आणि हिवताप यांमुळे पुढेही साथी येतच राहिल्या. डचांच्या स्पर्धेने व्यापारही खालावला. 1759 मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला हलविले आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मोडलेल्या वास्तूंचा दगड नव्या शहराच्या बांधकामांसाठी नेण्यात आला. एक शहर दुसऱ्याने असे अक्षरशः गिळावे, याची उदाहरणे थोडीच. 1835 मध्ये धार्मिक संघ बंद झाल्यावर मठही रिकामे पडले. सेंट ऑगस्टिन चर्चची कमान 1842 मध्ये कोसळली. आज तेथे सुमारे 46 मीटर उंच मनोऱ्याचा भग्न भाग तेवढा उभा आहे. येथील चर्च व मठांना 1986 मध्ये जागतिक वारसा स्थळांचा दर्जा मिळाला. पर्यटक येतात ते या वास्तू पाहण्यासाठी. ज्या घरांत माणसे राहत होती, त्यांचा मात्र मागमूस उरलेला नाही.

सांगे तालुक्यातील कुर्डीची कथा वेगळी आहे. हे गाव साथीने नव्हे, धरणाने रिकामे केले. भातशेती, नारळ, काजू, आंबा, फणस यांनी समृद्ध असलेल्या या गावात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान एकत्र नांदत असत. ज्येष्ठ गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म याच गावी, 1904 मध्ये झाला. साळावली धरणाचा प्रकल्प आला तेव्हा पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः गावात येऊन लोकांची समजूत घातली. साऱ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळणार होते. ग्रामस्थांनी वाडे आणि वालकिणी येथील पुनर्वसन वसाहतींत स्थलांतर केले आणि 1980 च्या दशकात गाव पाण्याखाली गेले. कदंबकालीन महादेव मंदिर मात्र पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून धरणाजवळ नव्याने उभारले. देवाची व्यवस्था माणसांपेक्षा अधिक नीट लागली, असे म्हणावेसे वाटते. कारण ज्या पाण्यासाठी गाव सोडले तेच पाणी वसाहतींत नीट पोहोचत नसल्याची तक्रार विस्थापितांनी 2019 मध्येही केली होती.

दरवर्षी मे महिन्यात जलाशयाची पातळी उतरली की कुर्डी पुन्हा वर येते. भेगाळलेली जमीन, घरांचे चौथरे, झाडांचे वाळलेले बुंधे दिसू लागतात. त्या दिवसांत जुने रहिवासी आणि त्यांची मुले-नातवंडे येथे जमतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या चॅपेलचे फेस्त साजरे करतात. थोरली माणसे धाकट्यांना आपले घर कुठे होते, वाट कुठून जात होती, हे दाखवितात. मग जूनमध्ये मृग बरसू लागतो आणि गाव पुन्हा पाण्याखाली जाते.