पहारेकऱ्याचं रामायण

बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातली पोरं आपल्या कॅम्पसवर एक कोटी करतात. तिथे बघण्यासारखं काय, तर एक मनोरा, एक तळं आणि एक लायब्ररी. चिनी भाषेत हे तीन शब्द एका दमात म्हटले की ऐकू येतं, 'नुसता सावळागोंधळ'! मनोरा दिसतो बौद्ध पॅगोडासारखा, पण १९२४ साली बांधलेली ती पाण्याची टाकी आहे. तळ्याचं नाव वेईमिंग, म्हणजे 'नाव नसलेलं'. १८९८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ १९५२ मध्ये या जागेत आलं.

पण मला आज सांगायचंय ते एका हॉस्टेलच्या दारावरच्या पहारेकऱ्याबद्दल. साल १९७३. साठी ओलांडलेला एक माणूस दार राखतोय, पोरांचे फोन आले की हाका मारतोय, आलेली पत्रं वाटतोय. आणि खिशातून हळूच एक चिठोरं काढून काहीतरी पुटपुटतोय. चिठोऱ्यावर काय होतं? वाल्मीकी रामायण!

या माणसाचं नाव जी शियानलिन. जन्म १९११. दहा वर्षं जर्मनीत राहून संस्कृत, पाली आणि तोखारी शिकला. १९४६ साली मायदेशी परतून याच विद्यापीठात पौर्वात्य भाषांचा विभाग त्याने उभा केला. मग विभागप्रमुख दारावर कसा आला?

तर झालं असं. २५ मे १९६६ ला विद्यापीठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर एक मोठं पोस्टर लागलं. तत्त्वज्ञान विभागातल्या न्ये युआनझी आणि तिच्या सहा सहकाऱ्यांनी कुलगुरूंवर क्रांतिविरोधी असल्याचा आरोप केला होता. १ जूनला माओच्या हुकमावरून तो मजकूर देशभर रेडिओवर वाचला गेला आणि सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला. पुढे कॅम्पसवर दोन गट पडले. जी शियानलिन न्येच्या विरोधी गटात गेले आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये एका रात्री त्यांच्या घरावर धाड पडली.

त्यांनी मरायचं ठरवलं. झोपेच्या गोळ्या साठवल्या, जागाही नक्की केली. घराबाहेर पडणार तेवढ्यात रेड गार्ड दारात हजर! जाहीर सभेत नेऊन त्यांना बेदम मारलं. आणि गंमत बघा (गंमत कसली...), त्या मारानेच ते वाचले. एवढं सोसता येतं म्हणजे जगताही येईल, असं त्यांना वाटलं.

१९६८ साली त्यांना 'गोठ्यात' टाकलं. वर्गशत्रूंना तेव्हा 'बैलभुतं' म्हणत, म्हणून त्यांचा तुरुंग म्हणजे गोठा. हा गोठा भर कॅम्पसवर होता आणि प्राध्यापकांना तो स्वतःच्या हातांनी बांधायला लावला होता. चालताना मान वर करायची नाही, रोज माओची वचनं पाठ करायची, चुकलं की मार. मारणारे बरेचसे त्यांचेच विद्यार्थी. आज त्या जागी विद्यापीठाचं पुरातत्त्व संग्रहालय आहे.

सुटका झाली, पण शिकवायला परवानगी नाही. मिळालं ते हॉस्टेलचं दार. तेव्हा त्यांनी विभागामार्फत भारतातून रामायणाची चिकित्सक आवृत्ती मागवली, बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराची. ती चक्क आली. रात्री घरी श्लोकांचा कच्चा गद्य अनुवाद करायचा, तो चिठोऱ्यांवर उतरवायचा आणि दिवसा दारावर बसून त्याचं पद्य करायचं. छापलं जाईल अशी काडीचीही आशा नव्हती. १९७७ पर्यंत १८ हजारांवर श्लोक झाले. १९८० ते १९८४ मध्ये ते छापलेही गेले, आणि १९७८ साली हाच पहारेकरी त्या विद्यापीठाचा उपकुलगुरू झाला!

यात आपल्या मातीचाही एक धागा आहे. त्यांचे सहकारी जिन केमू हे सारनाथला आपल्या धर्मानंद कोसंबींकडे शिकलेले. या दोघांनी १९६० ते १९६५ या काळात संस्कृत-पालीचा वर्ग घेतला. त्यातलेच एक विद्यार्थी हुआंग बाओशेंग. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या आवृत्तीवरून संपूर्ण महाभारत चिनीत आलं, २००५ साली. गोठ्यात गेलेल्या गुरूचा वर्ग असा पुढे चालू राहिला.

खरं तर गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं दुसरं पुस्तक. गोठ्यातल्या दिवसांबद्दल कुणीतरी लिहील म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. मारणाऱ्यांनी लिहावं, मार खाणाऱ्यांनी लिहावं... कुणी पुढे येईना. शेवटी १९९२ साली, ऐंशी उलटल्यावर, त्यांनी स्वतः लिहिलं आणि १९९८ मध्ये छापलं. सूड घ्यायचा असता तर उपकुलगुरू असताना ते सहज शक्य होतं. त्यांनी तो घेतला नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की पोस्टमॉर्टेम लिहितात. कुणाला फासावर लटकवायला नाही, पुन्हा तसंच होऊ नये म्हणून. आणि ते लिहायला सगळेच टाळाटाळ करतात, हेही तुम्हाला माहीत असेलच. इथे तर एक अख्खं विद्यापीठ कोसळलं होतं. भारताने २००८ साली जी शियानलिन यांना पद्मभूषण दिलं, २००९ मध्ये ते गेले. रामायणासाठी त्यांनी पाच वर्षं दिली. दुसऱ्या पुस्तकाचं पहिलं पान लिहायला मात्र त्यांना वीसहून जास्त वर्षं लागली.