अर्नाळ्याचें बक्षीस बेट

पूर्णेच्या काठच्या आम्हां जाफराबादकरांस समुद्र दूरचा. तथापि वैतरणेच्या मुखाशीं असलेल्या अर्नाळा बेटाचा वृत्तांत आम्हांस मननीय वाटतो. १५३४ सालच्या तहानें गुजरातच्या बहादुरशहानें वसई प्रांत पोर्तुगीजांस दिला. पुढें वसईच्या कप्तानानें हें बेट एका पोर्तुगीज सरदारास बक्षीस दिलें. त्या नव्या मालकानें सुलतानी अमदानींतील जुना कोट पाडून सातशें फूट चौरस किल्ला आरंभिला. पण तो त्याच्या हातून पुरा झाला नाहीं. १७३७ सालीं मराठ्यांनीं बेट घेऊन तेथें आपला किल्ला उभारिला. दरवाज्यावरील मराठी शिलालेखांत पहिल्या बाजीरावाचें नांव आजही आढळतें. १७८१ त इंग्रजांनीं तो जिंकिला, १७८२ च्या सालबाईच्या तहानें परत दिला, आणि १८१७ च्या युद्धांत कायमचा घेतला.

खाडीच्या वाटेवर पहारा ठेवावा म्हणून सर्वांस हें बेट हवें होतें. एकानें तें दिलें, दुसऱ्यानें घेतलें. ते सर्व गेले. ज्यांच्या होड्या रोज त्या किनाऱ्यास लागतात, ते कोळी बांधव मात्र अद्यापि तेथें नांदत आहेत. बेट खरें कोणाचें, हें वाचकांनींच ठरवावें.