टर्म भरण्याचा इतिहास

नगरच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या कट्ट्यावर पाच मिनिटे उभे राहिले तरी 'एटीकेटी' हा शब्द कानी पडतो. काही विषय राहिले, तरी पुढच्या वर्गात बसता येते, एवढा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. शब्दाची फोड मात्र सहसा कोणी करीत नाही. 'अलाउड टू कीप टर्म्स', म्हणजे टर्म भरण्याची मुभा. यात ना विषयाचा उल्लेख आहे, ना गुणांचा. पदवीच्या नियमांचा खरा कणा परीक्षा नसून हजेरी आहे, ही गोष्ट या चार अक्षरांत दडलेली आहे. तिचा माग काढावा, असे आम्हांला वाटले.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांनी करावे, ही ती रचना. गंमत अशी, की लंडनने स्वतः १८५८ साली महाविद्यालयाची अट काढून टाकली. कोणीही कोठेही अभ्यास करावा आणि परीक्षेला बसावे, असे ठरवले. मुंबईने ती अट कायम ठेवली. मॅट्रिक झाल्यावर महाविद्यालयात ठरावीक टर्म भरल्याचा दाखला हवा. त्यावाचून परीक्षेचा दरवाजा बंद. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी पहिले पदवीधर बाहेर पडले, ते याच चाकोरीतून.

मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला या नियमाचा काच फारसा जाणवला नसेल. नगरचे काय? अमेरिकन मिशनने १८३१ पासून येथे शाळा काढल्या. शहराला शिक्षणाचे वावडे नव्हते. परंतु कला-विज्ञानाचे महाविद्यालय येथे नव्हते. तेव्हा मॅट्रिक झालेल्या मुलाने पुणे किंवा मुंबई गाठावी, तेथे खोली, खानावळ, फी यांची सोय पाहावी, आणि मगच टर्म भरावी. नियम सर्वांना सारखाच होता. त्याची किंमत मात्र अंतरागणिक वाढत होती. मुलींच्या बाबतीत ती किती वाढत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

म्हणून १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, ही घटना आम्हांला शहराच्या इतिहासात फार मोठी वाटते. अभ्यासक्रम बदलला नाही, अटही बदलली नाही. टर्म भरण्याची जागा तेवढी घराजवळ आली. दोनच वर्षांनी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १९६१ साली संगमनेरात महाविद्यालय निघाले. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९६४ साली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था उभी राहिली. उत्तरेकडच्या बागायती तालुक्यांत कालव्याच्या पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाना आणि कारखान्यामागून शाळा-महाविद्यालये आली.

पण याच साखरेला दुसरी बाजू आहे. दक्षिणेकडच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू भागांतली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. महाविद्यालयाची दुसरी टर्म नेमकी याच महिन्यांत येते. कोयत्यावर गेलेल्या मुलाची हजेरी पंचाहत्तर टक्के कोठून भरणार? परीक्षा वर्षाअखेरीस एकदाच होत असे, त्या काळी तर पावसाळाभर वर्गात बसलेल्याचेही सारे वर्ष वाया जाई. 'टर्म ग्रँट झाली नाही' या वाक्यात कोणाचा आळस असतो, कोणाचे पोट असते. नियमाला हा फरक दिसत नाही.

पळवाटा निघाल्या नाहीत, असे नाही. पुणे विद्यापीठाने बहिःस्थ विद्यार्थ्यांची सोय केली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. लंडनने १८५८ साली जे केले, ते आपल्या दाराशी यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. तरीही 'बाहेरून केले का?' या प्रश्नातला तुच्छतेचा सूर अजून गेलेला नाही. आम्हीही तो कधीतरी लावलेला आहे.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने टर्मच्या जागी श्रेयांक आणले आहेत. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. मिळवलेले श्रेयांक पेढीत जमा राहतात. एका वर्षाने शिक्षण सोडावे लागले, तरी ठरावीक अटी पुऱ्या करून प्रमाणपत्र घेता येते आणि पुढे परतताही येते. कार्तिकात गाव सोडणाऱ्या मुलाचा आधीचा पावसाळा निदान पुसला जात नाही, हे आम्ही कमी मानत नाही. मात्र वर्गातला एक श्रेयांक म्हणजे अध्यापनाचे पंधरा तास. मोजमाप पुन्हा तासांचेच आहे. हजेरी वर्गात घेतली जाते. त्या वेळी मूल फडात का आहे, हे विचारणारा रकाना १८५७ च्या नियमांत नव्हता, आजच्या नियमांतही तो आम्हांला सापडत नाही.