परक्याचे हाड

आमच्या घाटकोपरच्या शाळेतील एका मुलाच्या मांडीच्या हाडातून गाठ काढली आणि ती पोकळी दुसऱ्या कोणाच्या हाडाने भरली. त्याच्या आजीने मला गाठून विचारले, "मास्तर, ते हाड कोणाचं हो?" मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुस्तके चाळणे आले.

ग्लासगोच्या विल्यम मॅक्युएन या शल्यवैद्याने १८८० साली एका मुलाचे दंडाचे नासलेले हाड नव्याने उभे केले, ते इतर मुलांचे वाकडे पाय सरळ करताना निघालेल्या तुकड्यांनी. टाकाऊच की ते! पुढे हाडांच्या पेढ्या निघाल्या. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातली ऊतिपेढी १९८८ सालची. खुब्याचा सांधा बदलताना काढलेले मांडीच्या हाडाचे डोकेसुद्धा अशा पेढ्यांना चालते. ते धुऊन, गोठवून सुकवायचे आणि कोबाल्टच्या किरणांनी निर्जंतुक करायचे. किरणांची ती सोय तुर्भ्याला १९७४ सालीच झाली होती. आमच्या टेकडीवरून तुर्भ्याचा डोंगर दिसतो. तिकडे फक्त बॉम्बचाच विचार चालत असावा, अशी माझी इतकी वर्षे समजूत!

बसवलेले हाड निर्जीवच असते. त्याच्या आधाराने रोग्याचे स्वतःचे हाड महिनोन्महिने आत सरकत येते.

आजींना हे सारे सांगितले. देणाऱ्याचे नाव कळत नाही, पण तो बहुधा हयात असेल, असेही म्हणालो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

"मग त्याचा खुबा बरा झाला का हो?"